एका चार्जिंगला किती पैसे? बॅटरीवर चालणाऱ्या धंद्याचा खरा हिशोब



फवारणी पंप भाड्यानं द्यायचे, ई-रिक्षा घ्यायची, दुकानात इन्व्हर्टर बसवायचा किंवा बचत गटातून ड्रोनचं काम धरायचं, असा विचार घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एका चार्जिंगला किती युनिट जातात? उत्तरही जवळपास ठरलेलंच असतं. "काही नाही लागत सर, मोबाईलसारखंच."

हे "काही नाही" म्हणजे नेमकं किती, ते पाच मिनिटांत काढता येतं. गुणाकार आणि भागाकार आला की झालं. व्हिडिओत मी हे पाटीवर करून दाखवलंय, पण आकडे उतरवून घ्यायला व्हिडिओ दहा वेळा थांबवावा लागतो, म्हणून इथं सगळं लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, विजेचा आकडा काढून झाला की उठू नका. त्याच्या पुढचा आकडा जास्त महागाचा आहे.

कट्टे किती, आणि कट्टा किती किलोचा?

बिरसी म्हटलं की बाहेरच्या माणसाला विमानतळच आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ही धावपट्टी. पुढं इथं वैमानिक घडवणारी संस्था आली. मार्च २०२२ मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान सुरू झालं, ते काही महिन्यांत थांबलं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचं हैदराबादचं विमान इथून उडालं. विमानतळ आला की प्रवासी आला, आणि प्रवासी आला की पॉवर बँकचा ग्राहक आला. बॅटरीचा पहिला धडा या पॉवर बँकवरच शिकून घेऊ.

विमानात पॉवर बँक न्यायची तर ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, सामानात टाकलेली चालत नाही. तिची मर्यादा १०० वॉट-अवर आहे. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर नाहीच. आता दुकानात ग्राहक विचारतो, "ही २०,००० वाली विमानात चालेल का?" डब्यावर मोठ्या अक्षरात २०,००० एमएएच लिहिलेलं आहे. नियम वॉट-अवरमध्ये आहे. दुकानदार गप्प झाला की ग्राहक समजून जातो, याला काही माहीत नाही.

एएच किंवा एमएएच म्हणजे नुसती कट्ट्यांची संख्या समजा. कोणी म्हणालं, "माझ्याकडं शंभर कट्टे धान आहे," तर आपण लगेच विचारतो, कट्टा किती किलोचा भरलाय? चाळीसचा की साठचा? ते कळल्याशिवाय एकूण धान कळत नाही. बॅटरीत हे कट्ट्यातले किलो म्हणजे व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार केला की खरी ऊर्जा निघते.

व्होल्ट × एएच = वॉट-अवर.

एवढंच सूत्र आहे. १००० वॉट-अवर झाले की एक युनिट, तेच जे महावितरणच्या बिलावर असतं. आणि १००० एमएएच म्हणजे १ एएच.

पॉवर बँकच्या आत लिथियमचा सेल असतो, त्याचा व्होल्टेज ३.७ धरतात. २०,००० एमएएच म्हणजे २० एएच. २० × ३.७ = ७४ वॉट-अवर. विमानात चालते. १०,००० वाली ३७ वॉट-अवरची. आणि २७,००० वालीचा गुणाकार ९९.९ येतो, म्हणजे मर्यादेच्या अगदी आत. काही कंपन्या नेमका हाच आकडा काऊन ठेवतात, ते आता कळलं असेल.

याच गुणाकारानं दुकानातलं आणखी एक भांडण मिटतं. ग्राहक म्हणतो, "१०,००० ची पॉवर बँक, माझा फोन ५,००० चा, मग दोन वेळा चार्ज व्हायला पाहिजे ना? दीडच वेळा होतो. डुप्लिकेट दिली तुम्ही." डुप्लिकेट नाही बावा. आतले १०,००० हे ३.७ व्होल्टचे कट्टे आहेत. यूएसबीतून बाहेर पडताना ते ५ व्होल्टचे करावे लागतात. ३७ भागिले ५, म्हणजे ७.४ एएच, झाले ७,४००. व्होल्ट बदलताना थोडी ऊर्जा गरमीत जाते, म्हणून हातात सहा-साडेसहा हजारच येतात. चांगल्या कंपनीच्या पॉवर बँकवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात हा खरा आकडा "रेटेड कपॅसिटी" म्हणून छापलेला असतो. विकताना ती बारीक अक्षरं स्वतःहून दाखवा. ग्राहक परत भांडायला येत नाही, दुसरा चार्जर घ्यायला येतो.

फवारणी पंप: सव्वा रुपयाची वीज

आता कामाच्या वस्तूकडं येऊ. आपल्या भागात धानावर तुडतुडे आले, करपा दिसला की पाठीवरच्या बॅटरी पंपाला मागणी येते. चार-पाच पंप घेऊन भाड्यानं देणारे बरेच जण आहेत, आणि धंदा वाईट नाही.

साध्या पंपात १२ व्होल्ट ८ एएचची लेड-ॲसिड बॅटरी असते. १२ × ८ = ९६ वॉट-अवर. ही झाली बॅटरीत मावणारी ऊर्जा. पण भिंतीतल्या प्लगमधून तेवढीच घेतली जात नाही, जास्त जाते. विहिरीतून बादली काढताना थोडं पाणी सांडतंच, तसं चार्जिंगमध्येही सांडतं. लेड-ॲसिड बॅटरी आणि तिचा चार्जर मिळून शंभरातले पंचवीसेक भाग असे वाया जातात असं मी धरतो. म्हणजे ९६ भागिले ०.७५. उत्तर १२८ वॉट-अवर, म्हणजे ०.१२८ युनिट.

लिथियम बॅटरीत हे सांडणं कमी असतं. तिथं ०.९० नं भागलं तरी चालतं.

युनिटचा दर हिशोबाला सोपा म्हणून १० रुपये धरू. पंपाचं एक पूर्ण चार्जिंग पडलं १ रुपया २८ पैशाला. दिवसाचं भाडं १५० रुपये असेल तर हा आकडा बघून कोणाचंही डोकं फिरेल. सव्वा रुपया खर्च, बाकी सगळा नफा!

थांबा. पंपातली ती बॅटरी किती वेळा चार्ज होऊन मरते?

समजा बॅटरी १,२०० रुपयांची आहे आणि नीट वापरली तर २५० चार्जिंग टिकते. १,२०० भागिले २५०, झाले ४ रुपये ८० पैसे. प्रत्येक चार्जिंगला तुम्ही सव्वा रुपयाची वीज वापरता आणि जवळपास पाच रुपयांची बॅटरी झिजवता. वीज बिलात दिसते, झीज कुठंच दिसत नाही. ती एकदम दिसते, ज्या दिवशी पंप अर्ध्या बांधीत बंद पडतो आणि शेतकरी फोन करतो तेव्हा.

आणि आपल्याकडं ही झीज आणखी वाढवणारी एक सवय आहे. खरिपाची फवारणी ऑक्टोबरच्या आसपास संपते. पंप धुऊन कोठ्यात टांगला जातो, बॅटरी होती तशीच, अर्धी उतरलेली. उन्हाळी धान नसेल तर पुढच्या हंगामापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या पाट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात, आणि मग ती चार्ज घेत नाही. पहिल्या हंगामात ६० चार्जिंग झाली आणि पुढच्या जुलैत बॅटरी मेलेली निघाली, तर १,२०० भागिले ६०, म्हणजे चार्जिंगमागं २० रुपये पडले.

यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की लोक तो करत नाहीत. हंगाम संपला की बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि नोव्हेंबर ते जून महिन्यातून एकदा चार्जरला लावा. आठ महिने, दर वेळी जास्तीत जास्त सव्वा रुपया. वर्षाचे दहा-साडेदहा रुपये. मोबाईलमध्ये दर महिन्याच्या १ तारखेची आठवण लावून ठेवा. दहा पंप असतील तर यात बारा हजारांच्या बॅटऱ्यांचा प्रश्न आहे.

लेबलवर विश्वास ठेवू नका, मीटरला विचारा

लेबलवरून काढलेला आकडा हा अंदाज झाला. खरं मोजायचं तर तीन रस्ते आहेत.

सगळ्यात सोपा म्हणजे प्लग आणि चार्जर यांच्या मधे लावायचा छोटा एनर्जी मीटर. ऑनलाइन मिळतो, एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. चार्जिंग सुरू करताना शून्यावर आणा, संपल्यावर आकडा वाचा. तुमच्या बॅटरीला नेमके किती वॉट-अवर लागले ते पडद्यावर येतं, ते पंचवीस भाग सांडलेले धरून.

मोठी बॅटरी असेल, ई-रिक्षासारखी, तर स्वतंत्र सब-मीटर बसवा. रात्री लावताना रीडिंग, सकाळी काढताना रीडिंग.

तिसऱ्या रस्त्याला एक पैसाही लागत नाही. तुमच्या घरच्या किंवा दुकानच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि त्याच्या जवळ इंग्रजीत इम्प/केडब्ल्यूएच असा आकडा छापलेला असतो. तो प्रत्येक मीटरचा वेगळा असू शकतो, आपला बघून घ्या. समजा ३२०० आहे. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. म्हणजे एका लुकलुकण्याला १००० भागिले ३२००, ०.३१२५ वॉट-अवर.

आता बाकी सगळं बंद करा. फ्रिज, पंखा, वायफाय, देवघरातला छोटा बल्बसुद्धा. फक्त चार्जर चालू ठेवा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं मोजा. दिवा १६ वेळा लुकलुकला? १६ × ०.३१२५ = ५ वॉट-अवर, दहा मिनिटांत. तासाला ३०. म्हणजे तुमचा चार्जर आत्ता ३० वॉट खेचतोय. मुलांना बसवा मोजायला, त्यांचाही अभ्यास होतो.

फक्त लक्षात ठेवा, चार्जर सुरुवातीला जास्त खेचतो आणि बॅटरी भरत आली की कमी. म्हणून सुरुवातीच्या दहा मिनिटांना पाच तासांनी गुणून मोकळं होऊ नका. सुरुवातीला, मधे आणि शेवटी असं तीनदा मोजा.

दराचंही तसंच आहे. मी वर १० रुपये धरले, तुमचा दर तुमच्या बिलावर आहे. पण नुसता "वीज आकार" बघू नका. त्याच्याखाली "वहन आकार" असतो, कधी "इंधन समायोजन आकार" असतो, वर "वीज शुल्क" लागतं. हे सगळं युनिटबरोबर वाढतं, म्हणून ते धरायचं. "स्थिर आकार" मात्र तुम्ही पंप चार्ज करा किंवा नका करू, तेवढाच राहतो, तो सोडायचा.

घरगुती मीटरवर चार्ज करणाऱ्यांनी टप्पे बघावेत. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, पुढं आणखी चढा. तुमच्या घरचा वापर आधीच ९० युनिट असेल, तर रिक्षाची जवळपास सगळी युनिटं वरच्या टप्प्यात पडणार. लोक काय करतात, एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढतात आणि रिक्षाला तोच लावतात. रिक्षा आली नसती तर तो वरचा टप्पा आलाच नसता, म्हणून तिच्या नावावर वरचाच दर टाका. आणि धंद्यासाठी घरच्या मीटरवरून चार्जिंग चालतं की वेगळं कनेक्शन घ्यावं लागेल, हे महावितरणच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. नंतर विचारायला ते येतात.

ई-रिक्षा: सोळाव्या महिन्याचा प्रश्न

ई-रिक्षाचा हिशोब मी जरा जास्त लांबवणार आहे, कारण इथं कर्ज असतं.

लेड-ॲसिडची रिक्षा म्हणजे १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या. व्होल्ट मिळवले जातात, ४८ होतात. एएच मिळवायचे नाहीत, १३० असतील तर १३० च. चारही बॅटऱ्यांचे एएच मिळवून ५२० सांगणारे भाऊ मला भेटलेत. मग ४८ × १३० = ६,२४० वॉट-अवर, सव्वासहा युनिट.

ही बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली तर लवकर मरते. शंभरातले ८० भाग वापरू. झाले सुमारे ५ युनिट. चार्जिंगचं सांडणं धरून भागिले ०.७५, मीटरवर ६.६७ युनिट. १० रुपये दरानं ६७ रुपये. त्यात गाडी समजा ७० किलोमीटर चालली, तर किलोमीटरला ९६ पैसे वीज.

कोणी म्हणेल, वा, पेट्रोलपेक्षा किती स्वस्त! आहेच स्वस्त. आता सेट धरा. नवीन सेट ४८,००० चा समजू, जुना सेट भंगारात दिल्यावर शिशाचे १२,००० परत येतील असं धरू. निव्वळ खर्च ३६,०००. सेट ४०० चार्जिंग टिकला तर रोजची झीज ९० रुपये. किलोमीटरला १ रुपया २९ पैसे. म्हणजे विजेपेक्षा बॅटरीच महाग.

वीज ६७, बॅटरी ९०, मिळून १५७ रुपये रोज. यात टायर, ब्रेक, विमा, डिस्टिल्ड वॉटर काहीच धरलेलं नाही. (किमती माझ्या धरलेल्या आहेत. तुमच्या शोरूमची किंमत टाका, रीत तीच.)

महिन्याला २६ दिवस गाडी चालली तर ४०० चार्जिंग १५ महिन्यांत संपतात. कर्जाचे हप्ते किती महिन्यांचे आहेत? २४? ३६? मग सोळाव्या महिन्यात काय होतं ते बघा. हप्ता चालूच आहे, गाडी दुपारीच थांबायला लागलीय, सत्तरचे पन्नास किलोमीटर झाले, पन्नासचे पस्तीस. कमाई अर्धी. आणि नेमकं त्याच वेळी ३६,००० रोख लागतात. या एका महिन्यात रिक्षा विकणारे लोक असतात. धंदा चालत नव्हता म्हणून ते विकत नाहीत, भाडं भरपूर मिळत होतं. रोजच्या गल्ल्यातून ६७ रुपये बाजूला निघत होते, ९० निघत नव्हते.

म्हणून माझ्या बॅचमध्ये मी सरळ सांगतो. रिक्षा घेतली त्याच आठवड्यात बँकेत आवर्ती ठेव उघडा. २६ दिवस गुणिले ९०, महिन्याला २,३४०. पंधरा महिन्यांत ३५,१०० जमतात, वर व्याज येतं. हा नफा नाहीच, ही तुमची बॅटरी आहे, फक्त अजून आणलेली नाही. घरात सांगून ठेवा, लग्नकार्य आलं तरी याला हात लावायचा नाही.

मग लिथियम घ्यायची का? हा प्रश्न येणारच. ५१.२ व्होल्ट १०० एएचचा पॅक धरू. गुणाकार ५,१२० वॉट-अवर. नुसते एएच बघणारा म्हणेल, १३० जाऊन १०० आले, म्हणजे नुकसान. पण लिथियम शंभरातले ९० भाग वापरता येतो, म्हणजे ४,६०८, आणि मीटरवर ५.१२ युनिट, ५१ रुपये. गाडी त्याच हिशोबानं सुमारे ६५ किलोमीटर चालेल. पॅक ९०,००० चा आणि १,५०० चार्जिंगचा धरला तर झीज रोज ६० रुपये. वरच्या ४२,००० वर १४ टक्के व्याज, वर्षाला ५,८८०, साधारण ३०० दिवसांवर वाटलं तर रोज २० रुपये. एकूण १३१. किलोमीटरला २ रुपये २ पैसे, तर लेड-ॲसिडचे २ रुपये २४ पैसे.

फरक बावीस पैशांचा. ७० किलोमीटरला पंधरा रुपये. कागदावर लिथियम जिंकली, पण हे सगळं "१,५०० चार्जिंग टिकला तर" या एका शब्दावर उभं आहे. पॅक ८०० वर गेला तर झीज ६० ची ११२ होते आणि सगळा हिशोब उलटतो. म्हणून लिथियम घेताना मी एएचपेक्षा वॉरंटीचा कागद जास्त वेळ वाचतो. ज्या विक्रेत्याचं सर्व्हिस सेंटर गोंदियात नाही, त्याचा पॅक मी तरी सुचवणार नाही. पॅक नागपूरला पाठवून आठ दिवस गाडी उभी ठेवली तर बावीस पैशांचं काय लोणचं घालायचं?

बाकीच्या वस्तू पटापट

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात ६ व्होल्ट ४.५ एएचची बॅटरी असते. २७ वॉट-अवर. एका चार्जिंगला ३६ पैसे. यावर वेळ घालवू नका, बॅटरी सुकू देऊ नका एवढंच बघा.

इन्व्हर्टर घेताना मात्र फसगत होते. १२ व्होल्ट १५० एएच, म्हणजे १,८०० वॉट-अवर. ४०० वॉटचा लोड लावला तर साडेचार तास चालायला पाहिजे, बरोबर? तीन तासांच्या आत-बाहेरच चालेल. बॅटरीवर "सी २०" असं लिहिलेलं असतं ते वाचा. त्याचा अर्थ, ती वीस तासांत हळूहळू उतरवली, म्हणजे साडेसात अँपिअरनं, तरच १५० एएच देते. घाईनं ओढली तर कमी देते. हे आजचं नाही, पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ मध्येच याचा नियम मांडला होता. वर इन्व्हर्टर स्वतःही थोडी खातो. लाईन गेल्यावर डीप फ्रीजर चालवायचा विचार असेल तर हा हिशोब करून मगच आइस्क्रीम भरा.

आणि ड्रोन. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना ड्रोनच्या किमतीवर ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत आहे, म्हणून ताई लोकांचे फोन येतात. समजा बॅटरी पॅक २२.२ व्होल्ट १६,००० एमएएचचा आहे. ३५५ वॉट-अवर, चार्जिंगला सुमारे ०.४ युनिट, ४ रुपये. पॅक ३५,००० चा आणि ३०० चार्जिंगचा धरला तर प्रत्येक उड्डाणाला ११७ रुपयांची झीज. चार रुपयांची वीज आणि एकशे सतरा रुपयांची बॅटरी! एकरी दर ठरवताना गावातल्या मजुरीकडं बघून ठरवू नका ताई, आधी हे ११७ काढून ठेवा, त्यात शेतावर चार्जिंगसाठी न्यायच्या जनरेटरचं पेट्रोल मिळवा. आणि आपण विमानतळाच्या शेजारी राहतो हे विसरू नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा विभाग आहे, त्याच्या आत वेगळे निर्बंध आहेत. बिरसी, कामठा परिसरातलं काम घेण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा उघडून शेत कुठल्या रंगात येतं ते बघा. शेतकऱ्याकडून ॲडव्हान्स त्यानंतर घ्या.

शोरूममध्ये जाताना

ही रीत हातात आली की विक्रेत्याशी बोलणंच बदलतं. "किती किलोमीटर जाईल?" हा प्रश्न सोडून द्या, त्याचं उत्तर नेहमी गोडच असतं. त्याऐवजी विचारा, पॅक किती व्होल्ट, किती एएच? एएच कुठल्या रेटिंगवर, सी ५, सी १०, सी २०? किती टक्के उतरवल्यावर किती चार्जिंग टिकते? वॉरंटी महिन्यांची आहे की चार्जिंगची, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देता? चार्जर बिघडला तर त्याची वॉरंटी वेगळी आहे का? आजच्या तारखेला नवीन सेटची किंमत आणि जुन्याचा परतावा, दोन्ही आकडे बिलाच्या मागं लिहून सही करून द्याल का?

शेवटच्या प्रश्नावर बरेच विक्रेते हसतात. हसू द्या, कागद पुढं करा.